कोपरे सिस्टर

आमच्या वहिनींनी लावलेला पलंग बघून माणसाला झोप यायची नाही, उलट डोळ्यांवर असलेली उडायची. चादरीवर सुरकुती औषधाला सापडायची नाही. चारही कोपरे तिरके दुमडून गादीखाली असे खोचलेले की रात्री पाय आत घालायला आणि सकाळी बाहेर काढायला माझ्यासारखीला झटापट करावी लागायची. मी एकदा म्हटलं, "वहिनी, हा पलंग आहे की बंद पाकीट?" त्या म्हणाल्या, "वन्सं, आजारी माणसाच्या पाठीला एकेक सुरकुती टोचते. तुम्हाला नाही टोचायची. तुमची कातडी जाड आहे."

आमचं हे असं चालायचं. मी त्यांची नणंद, दादाची धाकटी बहीण. माझा नवरा लवकर गेला, तेव्हापासून दादाकडेच राहते आणि घरी बसून लोकांचे कपडे शिवते. माझी जीभ तिखट, वहिनींची करडी. शेजारपाजाऱ्यांना वाटायचं, या दोघींचं हाडवैर असणार. वाटू दे. रोज कुणाशी तरी कडाकडा भांडता येणं हेसुद्धा सुखच आहे, हे मला आता कळतं. आता वहिनी नाहीत आणि घरात भांडायला कुणी नाही. दादाशी काय भांडणार? तो आधीच 'बरं' म्हणतो.

वहिनी मोठ्या हॉस्पिटलात नर्स होत्या. नोकरीचं सगळं आयुष्य एकाच वॉर्डात गेलं. शिकाऊ मुली पाठीमागे त्यांना 'कोपरे सिस्टर' म्हणायच्या. कारण वहिनी सकाळी वॉर्डात शिरल्या की पहिल्यांदा पेशंट बघायच्या नाहीत, चादरीचे कोपरे बघायच्या. एक जरी ढिला दिसला तरी अख्खी चादर ओढून काढायच्या आणि एकच शब्द बोलायच्या, "पुन्हा." चादरी ठेवायच्या खोलीत जाऊन कितीतरी पोरी रडल्या असतील. घरीसुद्धा नियम तोच. लावलेल्या पलंगावर दिवसा कुणी बसायचं नाही. त्यांची स्वतःची लेक, माझी भाची, लहानपणी शाळेतून आली की दप्तर घेऊन थेट जमिनीवर बसायची. पलंगाकडे वळलीच तर आतून आवाज यायचा, "चुरगळेल!" पोरीच्या ते अंगात भिनलं होतं.

निवृत्त झाल्या त्याच वर्षी वहिनींच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, केमो झाली, डोक्यावरचे सगळे केस गेले. त्याचं वहिनींना काही वाटलं नाही. "तेलाचा खर्च वाचला," म्हणाल्या. दुखण्यालाही त्या घाबरल्या नाहीत. दुखण्याशी त्यांची जुनी ओळख होती. त्यांना लोळवलं ते थकव्यानं.

थकवा म्हटलं की आपल्याला काय वाटतं? दिवसभर मशीन चालवली की माझी कंबर धरते, मी आडवी होते, सकाळी उठते, संपलं. हे तसलं नव्हतं. वहिनी झोपून उठायच्या त्या झोपताना होत्या त्याहून थकलेल्या. दात घासायला जायच्या आणि ब्रश हातात धरून तिथेच स्टुलावर बसून राहायच्या, कारण आता चूळ भरायला वाकायचं होतं. बोलता बोलता वाक्य अर्ध्यावर सोडून द्यायच्या. विसरायच्या नाहीत, उरलेलं वाक्य बोलायला जीव उरायचा नाही. ज्या बाईच्या चालण्याच्या आवाजानं वॉर्ड उठून बसायचा, ती पलंगापासून खिडकीपर्यंत जायचं मनात आणायची आणि नुसती खिडकीकडे बघत राहायची. मला ते बघवायचं नाही.

आणि भेटायला येणाऱ्यांची तऱ्हा काय सांगावी! "मन खंबीर ठेवा," म्हणायचे. जसं काही मन उठून बाथरूमला जाणार आहे. "जरा उठून बसा, फ्रेश वाटेल," म्हणायचे आणि तासभर बसून स्वतःच्या गुडघ्यांच्या कहाण्या सांगायचे. वहिनी उशीला टेकून हसतमुखानं ऐकायच्या आणि ते गेले की दुसऱ्या दिवसापर्यंत डोळे उघडायच्या नाहीत. दादाचा इलाज वेगळाच. त्यानं खोलीचे पडदे ओढून घेतले, टॉनिकच्या बाटल्या आणून ओळीत मांडल्या, आणि दिवसरात्र एकच जप चालवला, "झोप गं. आराम कर. उठू नकोस." बिचारा जन्मभर पाणीपट्टीचे मीटर तपासत फिरला, त्याला बायकोच्या अंगातलं काय आणि कसं तपासायचं ते कुठून कळणार? जितकं झोपवलं तितक्या वहिनी खचत गेल्या.

मग हॉस्पिटलनं घरी येणारी नर्स पाठवली. दार उघडलं तर दारात एवढीशी बाई, खांद्यावर तिच्याहून मोठी पिशवी. मी मनातल्या मनात तिचं नाव चिमणी ठेवून टाकलं. ती आत आली आणि पलंगाजवळ ताठ उभी राहिली. वहिनींनी डोळे बारीक केले.

"तू ती. रडणारी."

"हो सिस्टर," चिमणी म्हणाली. "चादरींच्या खोलीत. महिनाभर."

"शिकलीस का पण?"

"शिकले. अजून झोपेतसुद्धा कोपरे खोचते."

मला वाटलं, आता ही ताप बघेल, ब्लडप्रेशर बघेल, गोळ्या विचारेल आणि जाईल. तिनं पिशवी उघडलीच नाही. खुर्ची ओढून बसली आणि विचारलं, "सिस्टर, थकवा किती आहे? शून्य म्हणजे मुळीच नाही, दहा म्हणजे याहून जास्त असूच शकत नाही. आकडा सांगा."

"दोन," वहिनी फटकन म्हणाल्या.

चिमणीनं वाद घातला नाही. तिची नजर स्टुलावरच्या कपावर गेली. सकाळी मीच ठेवला होता. चहावर साय धरली होती.

"चहा घेतला नाहीत?"

"गार झाला."

"गरम होता तेव्हा?"

वहिनी पलीकडे तोंड करून म्हणाल्या, "कप उचलायचा होता ना."

"मग आकडा?"

"नऊ."

मी दारात उभी होते. रोज मी तो कप ठेवत होते, रोज गार झालेला उचलून मोरीत ओतत होते, आणि वर ऐकवत होते की माझ्या हातचा चहा आता आवडेनासा झाला वाटतं. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. वहिनींनी ते बघितलं आणि म्हणाल्या, "वन्सं, रडायचं तर चादरींच्या खोलीत."

त्या दिवशी त्यांनी चिमणीला एका पेशंटची गोष्ट सांगितली. कुणी पोस्टमन होता. गावभर चालणारा माणूस, आजारानं पलंगाला खिळलेला. वहिनी त्याला अंघोळीला उठवायच्या आणि तो म्हणायचा, "सिस्टर, आज पाय माझे नाहीत." वहिनी म्हणायच्या, "सगळे असंच म्हणतात. आळस झटका." आणि उठवायच्याच. "मी त्याला दुखतंय का विचारलं," वहिनी म्हणाल्या. "ताप विचारला, शी-शू विचारली. किती थकलायस, हे त्याला काय, जन्मात कुणालाच विचारलं नाही. थकलोय म्हणाला की झोपा म्हणायचे. झोपून काय होतं ते आता बघतेय मी."

चिमणीनं त्यांना 'जाऊ द्या हो' म्हटलं नाही, हे मला फार आवडलं. ती म्हणाली, "मलाही कुणी शिकवलं नव्हतं. पेशंटनीच शिकवलं. आता तुम्ही शिकवा."

मग तिनं कामाला हात घातला. आधी म्हणाली, जे दुरुस्त होण्यासारखं आहे ते दुरुस्त करून घेऊ. रक्त तपासायला लावलं. ते फार कमी निघालं, म्हणून एक बाटली चढवली. रात्री पोट दुखून झोप मोडते, हे वहिनींनी डॉक्टरांपासूनही लपवलं होतं. ते तिनं काढून घेतलं आणि गोळीची वेळ बदलून आणली. दादानं ओढलेले पडदे तिनं फर्रकन उघडले. "दिवसभर झोपवून ठेवलंत तर असतील ते पायही जातील, काका." चहानंतर खिडकीपर्यंत जायचं आणि यायचं. दमल्यावर बसायचं नाही, दमायच्या आधी बसायचं. अंघोळ स्टुलावर बसून करायची. अंग पुसत बसायचं नाही, मोठा टॉवेल झग्यासारखा पांघरून पडायचं, तो आपोआप पाणी टिपतो. हे एवढंसं, पण टॉवेलच्या त्या युक्तीनं वहिनींना अंघोळीनंतर दोन घास खाण्याइतकी ताकद राहू लागली. मी मुद्दाम त्यांचं आवडीचं करायचे आणि तोंडानं म्हणायचे, उरलं होतं म्हणून आणलं.

दादावर तिनं पहारेकऱ्याचं काम सोपवलं. "येणाऱ्यांना दारातून परतवायचं, काका." दादानं उभ्या जन्मात कुणाला नाही म्हटलेलं नाही. तो जिन्यात खुर्ची टाकून बसायचा, आलेल्याला कुजबुजत सांगायचा की ती झोपलीये, आणि मग त्या माणसाला वाईट वाटू नये म्हणून आत येऊन माझ्याकडे हळूच चहा मागायचा. आमच्या जिन्यात महिनाभर चहाचं दुकान चाललं होतं.

खरी लढाई झाली पलंगावरून. सकाळी उठल्यावर तुम्ही काय काय करता, असं चिमणीनं विचारलं. वहिनी सांगायला लागल्या, तेव्हा कळलं की बाई उठल्याबरोबर धापा टाकत स्वतःचा पलंग लावते. चारही कोपरे. मग सकाळभर पडून राहते. मी हे कधी पाहिलं नव्हतं, कारण त्या वेळी मी दूध आणायला गेलेली असायचे.

"सिस्टर, तुमचा सगळा दिवस त्या चार कोपऱ्यांत जातो," चिमणी म्हणाली.

"मग काय विसकटलेल्या पलंगावर लोळू? मी?"

चिमणी उठली. तिनं पायाशी जाऊन एक कोपरा धरला आणि सर्रकन ओढून काढला. मग दुसरा. "आजपासून हा पलंग असाच."

"तू सूड घ्यायला आलीयेस."

"हो सिस्टर. कधीपासून वाट बघत होते."

वहिनी हसल्या. आधी नाकातून, मग पोट धरून, मग पोट दुखतंय म्हणून कण्हत आणि तरीही हसत. आजारपण सुरू झाल्यापासून आमच्या घरात तो पहिला हसण्याचा आवाज. दादा जिन्यातून धावत आला, त्याला वाटलं काहीतरी झालं. त्यानंतर चादर मी घालू लागले. माझे कोपरे बघून वहिनी तोंड असं करायच्या, जसं काही ताटात झुरळ निघालं.

मग एके दिवशी चिमणीनं विचारलं, "सिस्टर, एवढी ताकद वाचवतोय ती कशासाठी? तुम्हाला स्वतःला काय करायचंय?"

मला वाटलं, म्हणतील बाहेर जाऊन मोकळ्या हवेत बसायचंय. त्या म्हणाल्या, "मला लेकीची वेणी घालायचीय."

हे समजायला मागचं सांगायला हवं. भाचीच्या शाळेच्या वेळी वहिनी ड्युटीवर असायच्या, नाहीतर रात्रपाळी करून झोपलेल्या. वेणी मी घालायचे. पोरीचे केस दाट, कमरेच्या खाली जाणारे, आणि माझा हात घाईचा. ती रोज ओरडायची. एकदा तिनं हट्टच धरला, आज आईच घालेल. रात्रपाळीहून आलेल्या वहिनी कंगवा घेऊन बसल्या, पोर रिबीन धरून पुढ्यात बसली, आणि वहिनी बसल्या बसल्या झोपल्या. कंगवा हातात तसाच. पोर शाळेची घंटा होऊन गेली तरी हलली नाही. शेवटी मी तिला उठवलं. मोठी झाल्यावर एकदा मायलेकींचं कडाक्याचं वाजलं, तेव्हा भाची म्हणाली होती, "तू साऱ्या जगाचे पलंग लावलेस, माझी एक वेणी घातली नाहीस."

आता भाचीला परदेशात नोकरी लागली होती. तोवर ती दुसऱ्या शहरात नोकरी करत होती आणि आईच्या आजारपणात तिची तिथली सगळी रजा संपली होती. रात्रीचा प्रवास करून यायची, आई झोपलेली असायची, आईचे पाय चेपत बसायची आणि परत जायची. "मी जात नाही," म्हणाली होती. वहिनींनी तिला जायला लावलं. आपल्याला किती दिवस उरलेत, हे वहिनींना आमच्या आधी माहीत होतं. त्यांनी अशी कितीतरी माणसं शेवटपर्यंत पोहोचवली होती. जाण्याच्या दिवशी भाची सकाळी घटकाभर घरी येणार होती आणि तिथूनच विमानतळावर जाणार होती. ती शेवटची भेट आहे, हे तिलाही कळत होतं. कुणी बोलत नव्हतं एवढंच.

चिमणीनं वेणीचं काम एखाद्या ऑपरेशनसारखं मनावर घेतलं. वहिनींनी पलंगाच्या कडेला बसायचं, पाठीला उशा. मांडीवर दोन उशा, त्यांवर कोपरं टेकवायची, म्हणजे हात उचलावे लागत नाहीत. लेकीनं खाली बुटक्या स्टुलावर बसायचं. आणि तालीम कुणाच्या डोक्यावर? माझ्या! माझ्या डोक्यावर उरलेत मूठभर पांढरे केस.

"वन्सं, यात तीन पेड कुठून आणू?" वहिनी म्हणाल्या.

"दोनच घाला. मी कुठे लग्नाला निघालेय?"

त्यांची बोटं थंड होती. हळूहळू, थांबत थांबत त्यांनी माझी उंदराच्या शेपटीएवढी वेणी घातली. इतकी वर्षं एका घरात राहिलो, पण त्यांचा हात माझ्या डोक्यावरून कधी फिरला नव्हता. मी खाली मान घालून बसले, कारण वर केली असती तर चादरींच्या खोलीतच जावं लागलं असतं. वेणी झाल्यावर त्या दमून उशीला टेकल्या, पण खूश होत्या. "झालं. एवढं जमेल मला. मग तिला इथे वर, माझ्याजवळ बसवीन." आणि त्यांनी शेजारी पलंगावर हात थोपटला.

आदल्या दिवशी चिमणी येऊन सगळं बजावून गेली. उद्या अंघोळ नाही, चालणं नाही, फोन नाही, बोलणं नाही. चहा पलंगावर. लेक येईपर्यंत नुसतं बसायचं.

"आणि पलंग?" तिनं जाता जाता विचारलं.

"नाही लावणार."

"नक्की?"

"म्हटलं ना! बापरे, काय हेडमास्तरीण झालीये ही."

सकाळ चांगली उजाडली. वहिनींनी गरम चहा पूर्ण घेतला. तोंडावर तरतरी होती. मी विचारलं, "आकडा?" तर म्हणाल्या, "पाच. तुम्ही तोंड बंद ठेवलंत तर चार." मी स्वयंपाकघरात गेले. भाचीला मी फोनवर सांगून ठेवलं होतं की केस धुऊन मोकळे सोडून ये. दादा खोलीच्या दारात राखण करत बसला होता. थोड्या वेळानं मला वहिनींचा आवाज आला, "अहो, तिला संत्री आवडतात. घेऊन या ना." दादा 'बरं' म्हणाला आणि चपला घालून निघाला. त्याचं काय चुकलं? चाळीस वर्षांत त्यानं दुसरं काय केलंय? कपाटाचं दार वाजलेलं मी ऐकलं. मला वाटलं, दादा पिशवी शोधतोय.

मी खोलीत गेले तेव्हा वहिनी खुर्चीत होत्या. पलंगावर नाही, पलंगाशेजारच्या खुर्चीत. पलंग लावलेला होता. कपाटाच्या तळातली, घडी न मोडलेली पांढरी चादर काढून घातली होती. एक सुरकुती नाही. चारही कोपरे तिरके, खोल, ताणून खोचलेले. वहिनींचे दोन्ही हात मांडीवर उताणे पडले होते आणि चेहरा त्या चादरीसारखा पांढरा.

"वहिनी! काय केलंत हे?"

"ती... बसेल ना," त्या म्हणाल्या. मध्ये श्वास घ्यायला थांबल्या. "आजवर कधी बसू दिलं नाही तिला. चुरगळलेल्यावर कशी बसवू?"

आणि त्यांचे डोळे मिटले. मी आकडा विचारला नाही.

मी चिमणीला फोन केला. ती धावत आली, नाडी बघितली, ब्लडप्रेशर बघितलं, डॉक्टरांशी बोलली. "काही बिघडलेलं नाही," म्हणाली. "संपलंय सगळं अंगातलं. थोडं थोडं करून साठवलेलं सगळं." मग ती पलंगाच्या पायाशी गेली आणि त्या कोपऱ्यावरून बोट फिरवत उभी राहिली. "मी लावू नका म्हणत राहिले," ती म्हणाली. "सकाळी येऊन मीच लावून द्यायला हवा होता. त्यांच्या मनासारखा. मला येतात हो हे कोपरे. त्यांनीच शिकवलेत." एवढं बोलून ती खिडकीशी जाऊन पाठमोरी उभी राहिली. या खेपेला तिला रडायला कुठली वेगळी खोलीही नव्हती.

भाची आली. दादा तिच्या मागोमाग संत्र्यांची पिशवी घेऊन. तिचे केस पाठभर मोकळे, अजून ओलसर. ती काही न विचारता खुर्चीसमोरच्या बुटक्या स्टुलावर बसली, आईकडे पाठ करून, गुडघ्यांना टेकून. मी वहिनींच्या हातात कंगवा दिला. बोटं मिटली त्याच्यावर. डोळे उघडले, समोरचे केस बघितले. कंगवा केसांत गेला, थोडासा खाली आला आणि थांबला. हात तसाच राहिला. डोळे पुन्हा मिटले होते.

"राहू दे, आई," भाची हळूच म्हणाली. पण उठली नाही. तशीच बसून राहिली, केसांत आईचा हात घेऊन. आम्ही तिघं भिंतीला धरून उभे होतो. एवढ्या वेळात माझ्या तोंडून एकही शब्द निघाला नाही, ही मोठीच गोष्ट म्हणायची. किती वेळ गेला मला ठाऊक नाही. खाली गाडीनं हॉर्न वाजवला, मग पुन्हा वाजवला.

"आत्या, तू घाल," भाची म्हणाली.

मी घातली. जन्मात पहिल्यांदा सावकाश घातली. ती म्हणाली, "लहानपणी आई अशीच झोपली होती. कंगवा हातात. मी किती रागावले होते गं तिच्यावर." मी म्हटलं, "मान सरळ ठेव." दुसरं काय म्हणणार होते?

वेणी झाली. तिनं आईचे हात तोंडाशी धरले, कपाळाला कपाळ लावलं. चिमणी म्हणाली, "ताई, थोडं टेका ना पलंगावर, उभ्याउभ्या जाऊ नका." भाचीनं पलंगाकडे बघितलं. हात लांब केला आणि मागे घेतला.

"नको," म्हणाली. "चुरगळेल."

आणि ती गेली. दादा तिला सोडायला खाली उतरला, तो बराच वेळ वर आला नाही.

उन्हं उतरल्यावर वहिनींनी डोळे उघडले. खोलीत मी एकटीच होते. त्यांनी ओठ ओले केले आणि विचारलं, "आली का ती?"

मी उभ्या जन्मात वहिनींना बरं वाटावं म्हणून एक शब्द बोललेली नाही. जे होतं ते तोंडावर फेकायचं, अशी माझी ख्याती.

"येऊन गेली," मी म्हटलं.

"आणि वेणी?"

"घातली."

"कुणी?"

"तुम्ही. कुणी म्हणजे काय? झोपेत होतात म्हणून विसरलात. चांगली घट्ट घातलीत."

त्यांनी स्वतःच्या हातांकडे बघितलं. बोटांत एक लांब काळा केस अडकला होता. तो बघून चेहरा जरा उजळला. मला वाटलं, जमलं मला.

"मग माझ्याजवळ बसली?"

"बसली की."

वहिनींनी मान वळवली आणि पलंगाकडे बघितलं. माझ्या लक्षात आलं, पण उशीर झाला होता. ती नजर वॉर्डभर फिरलेली होती. सकाळी होती तशीच चादर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक सुरकुती नाही.

त्यांनी मला खोटारडी म्हटलं नाही. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. नुसता तो केस बोटाभोवती गुंडाळत म्हणाल्या, "वन्सं, ती चादर काढा. मला आडवं व्हायचंय."

मी पायाशी गेले आणि कोपरा धरला. तो निघेना. एवढा आत, एवढा ताणून खोचला होता त्यांनी. मी खाली बसले, दोन्ही हातांनी धरला, पाय लावून ओढला, तरी निघेना.